पितृस्थानी बसलेले पोट

श्रावण व. २, शके १८६६. शहापूर

आज चार आंघोळी. एक सकाळची, तीन पोटाने घडवलेल्या. नियम साधा आहे पण मला जाच झाला आहे. परसाकडे जाऊन आले की सोवळे गेले. पुन्हा विहीर, पुन्हा ओला पंचा, मग देवापाशी.

पेठेतल्या सोनारांकडे रुद्राची एकादशनी होती. सातव्या आवर्तनाला कळ आली, आठव्याला घाम. गणूभटजींना डोळ्यांनी खूण केली आणि जानवे कानावर चढवत मागच्या दाराने पळालो. गणूभटजी धिप्पाड माणूस, त्यांनी माझाही आवाज आपल्याच आवाजात घालून म्हटले. असे तीनदा. सोनारांची आई म्हणाली, "वामनभटजी, तुमचं सोवळं फार कडक हो. एका बैठकीत तीनदा आंघोळ." मी मान डोलावली. शहापुरात माझ्या कडक सोवळ्याची कीर्ती आहे ती अशी मिळवलेली.

यापुढे नुसता आकडा लिहीन. प. म्हणजे परसाकडे. आज प. ३, घरी आल्यावर आणखी १, ती बिनआंघोळीची.

श्रावण व. ५

दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण आहेत. पोट दाबले, जीभ पाहिली, नको ते प्रश्न विचारले. "आव नाही, जंत नाहीत. आतडी चिडखोर आहेत तुमची. असतात काही माणसांची."

घरी येऊन सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "आतडीच कशाला, सगळं मिळूनच तसं आहे."

पथ्य: हलके खा, तिखट नको, दूध भरपूर. अंगात ताकद राहिली नाही म्हणून अंडे, नाहीतर कोंबडीचा रस्सा. मी शेंडीला हात लावला. "औषध म्हणून हो," डॉक्टर म्हणाले. मी म्हटले, औषध म्हटले तरी कोंबडीला पिसे असतातच. मग राहिले दूध. सकाळ-संध्याकाळ लोटीभर सुरू केले. सौ. कुठून तरी जास्तीचे मिळवते, विचारले तर सांगत नाही.

प. ४.

श्रावण व. ११. एकादशी

पोटाला विश्रांती म्हणून कडक उपास केला. सकाळी दूध, दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी, संध्याकाळी पुन्हा दूध. प. ६. उपासाच्या दिवशीच असे का होते कळत नाही. देवाचे माझ्या हातून काही चुकले आहे का, हा विचार दिवसभर.

बसलो की गुडगुडते, उभा राहिलो की ओढते. माजघरातून ओटी, ओटीवरून माजघर. सौ. म्हणाली, "बसा हो जरा, सारवण उखडेल." आडवा पडलो, तर पोट आपले बोलतेच आहे. तीन वर्षे झाली. कुणाकडेही पानावर बसताना आधी मागचे दार कुठे आहे ते पाहतो, मग वाढले काय आहे ते.

श्रावण व. १३

गणूभटजी मुरबाडहून आले. राधाकाकूंकडे लघुरुद्राला गेले होते. ओटीवर बसून सुपारी कातरता कातरता म्हणाले, "त्यांच्या सुनेला माहेरी घालवलीय, कळलं का? पौषापासून कसाऱ्यालाच आहे बापाकडे."

"का?"

"गेल्या पक्षात नाना अर्धपोटी उठले म्हणे. खीर तिने केली होती. सोवळं मोडलं असणार तिचं. मग मार्गशीर्षात पाचव्या महिन्यात पोर गेलं तिचं. काकूंनी दोन्हीची सांगड घातली."

आणि माझ्याकडे न बघता सुपारी तोंडात टाकली. त्यांना ठाऊक आहे. ते बोलणार नाहीत. माझे नाव गेले तर जोडीची कामेही जातील.

लिहितो, कुठेतरी लिहिलेच पाहिजे. गेल्या पितृपक्षात, वद्य दशमीला, काकूंचे यजमान नाना यांचे श्राद्ध. गणूभटजी देवांच्या जागी, मी पितरांच्या. त्या दोन घटका मी वामन नव्हे, मी नाना. मी जेवलो तर नाना जेवले, मी तृप्त म्हटले तर नाना तृप्त. त्यांच्या मुलाने, मधूने, पाय धुतले, गंध लावले, बाप समजून नमस्कार केला. खीर निम्मी झाली आणि पोटात सुरी फिरली. जेवताना मौन, त्यामुळे सांगताही येईना. मधूने हात जोडून विचारले, तृप्ताः स्थ? मी तृप्ताः स्मः म्हटले आणि उत्तरापोशन घेऊन हात धुण्याच्या निमित्ताने उठलो तो गोठ्यामागे. पिंड होईपर्यंत मी तिथेच. बापाच्या पिंडावर तीळ पडत होते तेव्हा बाप गोठ्यामागे बसला होता. नंतर कावळा पिंडाला शिवेना. काकू दोन तास अंगणात उभ्या होत्या.

मी दक्षिणा घेऊन परत आलो.

ती सून, सुमन, वीस-एकवीस वर्षांची असेल. प. ५.

श्रावण अमावास्या

मुरबाडचे कार्ड. अक्षर मधूचे, शब्द काकूंचे. "दशमीला आपणच पितृस्थानी बसावे. गेल्या वर्षी ज्या मुखाने ते उपाशी राहिले त्याच मुखाने तृप्त व्हावेत अशी इच्छा आहे. स्वयंपाक मी स्वतः करीन."

कार्ड वाचून झाले आणि लगेच प. १.

विचार केला की त्यांच्या हातची खीर कशीबशी संपवावी, नाना तृप्त, काकू तृप्त, विषय संपला. मग लक्षात आले की तसे झाले तर सुमनचाच हात वाईट ठरतो. आणि नाही संपवली तर नाना पुन्हा उपाशी. जाऊ नये तर काकूंना वाटेल पितरच येईनात. तिन्हीकडून अडकित्ता.

भाद्रपद शु. ५

काल सात घरचे गणपती. मोदक उकडीचे, ते कसे कुणास ठाऊक सोसले. पंचामृताचे तीर्थ सात घरी सात पळ्या, ते नाही सोसले. प. ५. सातव्या घरी प्राणप्रतिष्ठा इतकी घाईने केली की देव बावरला असेल.

काकूंना उत्तर टाकले. प्रकृती बरी नसते, तरी पितृस्थानी चट ठेवावा. दर्भाची गाठ वळून ब्राह्मणाच्या जागी ठेवतात, शास्त्राला चालते, पुष्कळ ठिकाणी करतात. नाहीतर गणूभटजी माझ्या जागी बसतील. त्यांना दोन वाट्या काय, हंडा पचतो.

भाद्रपद शु. १०

काकूंचे उत्तर. "दर्भ जेवतो का? कंट्रोलची साखर चैत्रापासून चमचा चमचा राखून ठेवली आहे ती दर्भासाठी नव्हे. आपण नाही म्हणू नये."

घरात आपण रेशनच्या बाजरीवर दिवस काढतो आहोत आणि ती बाई कुणासाठी तरी सहा महिने फिका चहा पिते आहे. त्या कुणासाठीच्या जागी मी बसायचे. मला लाज वाटते. लिहूनही वाटते.

भाद्रपद शु. १२

किन्हवलीच्या अलीकडे धर्मा भोईरकडे सत्यनारायण. कुणब्याचे घर, तिथे आम्ही शिजवलेले घेत नाही, शिधा घेतो. त्यामुळे या घरी माझे पोट कधी दगा देत नाही असे मला वाटत होते. आज दगा दिलाच. निघताना घरी लोटीभर दूध घेतले होते. कथेच्या तिसऱ्या अध्यायात साधुवाण्याला तसाच टाकून बांधावर गेलो.

परत आलो तर धर्मा विहिरीवर पोहरा ओढून तयार उभा. हसला नाही.

"भटजी, सकाळी काय खाल्लाव?"

म्हटले, काही नाही, नुसते दूध. डॉक्टरांनी सांगितले आहे.

"दूध सोडा तुमी. माजे आयचा पन असाच होता. दूध पेली का पोटान गडगड. आमी म्हनलो लागीर झाला, भगताकड नेली, कोंबडा दिला. काय नाय झाला. मंग गाय आटली, घरान दूधच नाय, तवा आपोआप बरी झाली. आता निसती पेज पेते."

"दूध कसे बाधेल? दूध सात्त्विक."

"आसंल. पोटाला काय म्हाईत?"

उरलेली कथा उभ्यानेच सांगितली असे म्हटले तरी चालेल, मन तिथे नव्हते. एकादशीला दूध. सोमवारी दूध. पंचामृत, खीर, प्रसादाचा दुधातला शिरा. डॉक्टरांपासून तर लोटीभर दोनदा. वाटेत एकेक दिवस आठवत चाललो आणि वहीतल्या प.ची बेरीज मनात जुळत गेली. तीन वर्षे मी औषध म्हणून आजार पीत होतो.

भाद्रपद पौर्णिमा

दूध बंद. दही नाही, खीर नाही. उडीदही सोडला, हरभऱ्याची डाळ सोडली. जुन्या तांदळाचा मऊ भात, मुगाचे पातळ वरण, तूप, पडवळाची भाजी. प. १, १, १. तीन दिवस सोवळ्याला धक्का नाही. सौ. म्हणाली, "आता लोक म्हणतील भटजींचं सोवळं ढिलं झालं."

पोट गप्प बसले की घर किती मोठे वाटते. काल बसून संध्या केली, मध्ये न उठता.

पण स्वस्थता नाही. पोटातली गेली ती डोक्यात येऊन बसली.

भाद्रपद व. २

पक्ष सुरू. अजून फारशी बोलावणी नाहीत, आहेत ती गणूभटजींना देतो आहे.

दुपारी सौ. तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे खीरच."

सुपातला खडा काढून टाकला आणि पुढे म्हणाली,

"सुमनचा हात नव्हे. कुणीही केली असती तरी तुम्हांला बाधणारच होती."

"हो."

"मग काकूंना सांगा."

मी म्हटले, सांगितले की शहापूर ते मुरबाड एकही घर मला पितृस्थानी बसवणार नाही. तृप्त नसताना तृप्त म्हटले, पिंडाच्या वेळी जागेवर नव्हतो. भिक्षुकाने दुसरे काय चोरायचे असते? आणि आपण खायचे काय, रेशनची बाजरी की माझे नाव?

सौ.ने सूप खाली ठेवले. "पितर गेलेले आहेत हो. ती पोर जिवंत आहे."

यावर मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ती उठून परसात गेली आणि मी संध्याकाळपर्यंत ओटीवर येरझाऱ्या घातल्या. दूध नसताना प. ३. म्हणजे नुसते दूधच नव्हे, भांडणही बाधते.

भाद्रपद व. ३

युक्ती सुचली. काकूंना लिहिले: घरची सून हयात असता तिच्याच हातचे पितरांस पोचते, दुसऱ्याच्या हातचे पोचत नाही. ती करणार असेल तरच मी बसेन.

असे कुठल्याच पोथीत नाही. शास्त्र मी काढले, ओटीवर बसून.

बेत असा. सुमन परत येईल, खीर करील, मी सगळी खाईन आणि शेवटपर्यंत हलणार नाही. तिचा हात चांगला ठरेल, माझे झाकलेले झाकलेच राहील. बाधेल ते मला बाधेल. सौ.ला दाखवले. तिने पत्र वाचून परत दिले आणि म्हणाली, "एवढी अक्कल खरं बोलायला लागली नसती."

भाद्रपद व. ७

काकूंचे कार्ड: बरे, बोलावून घेते. मधू कल्याणला रेल्वेत कारकून आहे, तो रजा काढून तिला कसाऱ्याहून आणणार.

डॉक्टरांकडे गेलो. दुधाचे सांगितले. ते म्हणाले, "असू शकेल. पुस्तकात मात्र दूध पथ्याला आहे." बांधणारे औषध मागितले. काळपट, कडू. "कशासाठी?" विचारले त्यांनी. म्हटले, एक दिवस नाना व्हायचे आहे. त्यांना वाटले ताप चढला.

भाद्रपद व. ९

पायी निघालो. मोटर आहे, पण हल्ली ती कोळशावर चालते, चढाला लोक उतरून ढकलतात आणि मला हवे तिथे मात्र थांबत नाही. पायवाटेला झाडे आपली. कालपासून नुसती पेज. डोके हलके, पाय जड.

मुरबाडला पोचलो तेव्हा दिवेलागण. मधूने पाय धुवायला पाणी दिले. सुमन आत होती. फार वाळली आहे. वाकून नमस्कार केला, मी आशीर्वाद दिला तो ओठातच राहिला. अष्टपुत्रा म्हणायचे असते.

काकू म्हणाल्या, "तुमच्या शब्दाखातर आणली हो. बघू."

भाद्रपद व. १०

पहाटेपासून सुमन सोवळ्यात. काकू स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसलेल्या, डोळे तिच्या हातांवर. पदर सावरला तरी बघत होत्या. एकदा म्हणाल्या, "दूध ढवळ, खाली लागतंय." लागत नव्हते.

मी औषध दोन वेळा घेतले.

बसलो. पुन्हा मी नाना. मधूने पाय धुतले. वाढप झाले. उडदाचे वडे, अळू, कारले, पाटवड्या, आमसुलाची चटणी आणि खिरीची मोठी वाटी. माझ्या सगळ्या वैऱ्यांची पंगत एका पानावर. खिरीला वेलदोड्याचा वास होता, गोडी बेताची. फार चांगली झाली होती. श्राद्धाच्या अन्नाला चांगले म्हणायचे नसते, म्हणून इथे म्हणतो.

वाटी संपवली. हाताने खूण करून दुसरी मागितली. समोर देवांच्या जागी बसलेल्या गणूभटजींचा घास हातातच राहिला. सुमनने वाढली. दुसरीही संपवली.

मग सुरू झाले. कपाळावरचा घाम गंधातून खाली आला. पाटाच्या कडा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या. मनात रुद्र म्हणत होतो, तो सातव्या अनुवाकापाशी फिरून फिरून येत होता. तृप्ताः स्थ? तृप्ताः स्मः. पिंड झाले, तीळ झाले, पाणी झाले, आशीर्वाद झाला. मी हललो नाही. पिंड बाहेर ठेवले आणि कावळा शिवला, लगेच, मधू मागे फिरायच्या आत.

काकू रडल्या. डोळे पुसून सुमनकडे वळल्या आणि म्हणाल्या, "शिकलीस हो अखेर. गेल्या वर्षीच एवढं नीट केलं असतंस तर पोर हातचं गेलं नसतं."

मी ऐकले. सगळ्यांनी ऐकले. सुमनने पदर तोंडाशी धरला आणि उष्टी काढायला वाकली.

मी केलेल्या शास्त्राचा हा अर्थ निघाला. आज जे नीट झाले त्याने गेल्या वर्षीचा आरोप पक्का झाला. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी तोंड उघडले असते, पण पोटाने त्याच क्षणी बंध सोडले आणि मी विहिरीच्या दिशेने पळालो. असे स्वतःला सांगतो आहे. पळालो एवढे खरे.

प. ८. संध्याकाळी मोजणे सोडले.

भाद्रपद व. ११

सकाळी निघताना विहिरीवर सुमन भेटली. माझा ओला पंचा तिने वाळत घातला होता, तो घडी करून दिला. आजूबाजूला कुणी नव्हते. हळूच म्हणाली,

"गेल्या वर्षी मी पाहिलं होतं तुम्हांला. गाईचं पान घेऊन आले होते गोठ्याशी."

मी पंचा खांद्यावर टाकला. मग विचारले, "मग बोलली का नाहीस? वर्ष झालं."

"पोट तुमचं. लाज तुमची. मी कशी सांगणार?" आणि घागर भरता भरता, "वाटलं, तुम्ही सांगाल."

घागर उचलून गेली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते.

किन्हवलीपर्यंत कसा आलो आठवत नाही. धर्माच्या दारात बसलो तो बसलोच. त्याची आई म्हातारी, तिने वाडग्यात पेज आणली. धर्मा म्हणाला, "आये, भट आपल्याकरचा नाय पेत." ती म्हणाली, "तोंड बग त्याचा. आज पेल."

एकादशी होती आणि घर कुणब्याचे. प्यालो. मीठ घातलेली गरम पेज. पोट एका शब्दाने बोलले नाही.

भाद्रपद व. १२

घरी. सौ.ला सगळे सांगितले, पेजेसकट. पेजेवर ती काही बोलली नाही. सुमनचे शब्द ऐकून मात्र तिने तोंड फिरवले आणि चूल उगाचच फुंकत बसली.

भाद्रपद व. १३

गणूभटजी आले होते. अमावास्येला पाच घरे आहेत, तुम्ही तीन घ्या म्हणाले. दशमीला दोन वाट्या खाल्ल्याची वार्ता पसरली आहे, मला मागणी आहे म्हणे. "पितर शोभून दिसता हो तुम्ही. घामसुद्धा आला, लोक म्हणतात संचार झाला होता."

मी म्हटले, पाचही तुम्हीच करा. मी मुरबाडला जातो आहे.

"कालच तर आलात."

"सांगायचं राहिलं."

त्यांना कळले. पानाच्या डब्याकडे गेलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "वामनराव, मलाही विचारतील. मी जोडीला होतो."

"विचारतील."

"मी काय सांगू?"

ते पान न खाताच उठले. दिवसभर घरात येरझाऱ्या. दूध नाही, उडीद नाही, तरी प. ४.

भाद्रपद अमावास्या. मुरबाड

काल सकाळी मोटरीने निघालो, दोनदा ढकलली, मुक्काम देवळात केला. सकाळी आंघोळ करून इथे आलो. ओटीवर बसून पेन्सिलीने लिहितो आहे. मधू कामावर परत गेला आहे. काकू देवदर्शनाला गेल्या आहेत, येतीलच असे सुमनने सांगितले.

तिने तांब्या-भांडे आणून ठेवले. विचारले, "दूध घ्याल थोडं?"

म्हटले, नको. दूध मला चालत नाही, कधीच चालत नव्हते. काकूंना तेच सांगायला आलो आहे.

ती आत जाईल असे वाटले. गेली नाही. उंबऱ्याच्या आत, जमिनीवर बसली, तिथून तिला ओटी दिसते आणि अंगणही. वाल सोलायला घेतले आहेत, पण एकही शेंग अजून सोललेली नाही.

काय काय म्हणतील याची मनात यादी करतो आहे. नाना दोन वर्षे उपाशीच म्हणतील. सुनेला वाचवायला खोटे बोलता म्हणतील, हे सर्वांत वाईट, कारण मग काही उरतच नाही. पुन्हा या घराची पायरी चढू नका म्हणतील. कदाचित सुमनकडे बघतील. काय म्हणतील ते मला खरेच ठाऊक नाही.

वळणावर पांढरे लुगडे दिसते आहे. काकूच. हातात फुलांची परडी. त्यांनी मला पाहिले, चाल जरा वाढवली आहे, चेहरा हसरा आहे.

पोटात कळ आली. चांगलीच आहे. मागचे दार कुठे आहे ते मला ठाऊक आहे. सुमनलाही ठाऊक आहे, ती बघते आहे.

उठत नाही.